केशरी पाखरांच्या मागावर: कर्नाळा ते तांबडी सुर्ला

शनिवार, कर्नाळा

पावसाळ्यात शनिवारी कर्नाळ्याला जायचं तर फाटक उघडताना तिथं हजर असलं पाहिजे. नऊ वाजले की मुंबई-पनवेलची मंडळी वडापावच्या पुड्या आणि स्पीकर घेऊन येतात. मग जंगलात फक्त कावळे बोलतात. आम्ही वेळेत पोहोचलो याचं श्रेय अण्णांचं. अण्णा म्हणजे माझे सासरे. एसटीतून ड्रायव्हर म्हणून निवृत्त झालेले, या मुंबई-गोवा महामार्गावर निम्मं आयुष्य काढलेले. आता गाडी मी चालवते आणि ते शेजारी बसून उजवा पाय जमिनीवर दाबतात. त्यांच्या लेखी मी ब्रेक नेहमी उशिरा लावते.

जुलैच्या मध्यात कोकणात उतरायचं कारण एकच. वर्षभर जी केशरी पाखरं विरळ दिसतात किंवा दिसतच नाहीत, ती या दिवसांत घरटी करतात, गातात, पिल्लांना भरवतात. उन्हाळ्यात करपलेल्या रानात किडे, गोगलगायी, बेडूक, खेकडे असं सगळं अन्न पहिल्या पावसानंतर एकदम वर येतं. पोटं भरायची सोय तिथं पाळणा, असा सरळ हिशेब आहे.

कर्नाळा हे महाराष्ट्रातलं जुनं पक्षी अभयारण्य, १९६८ सालचं. तेव्हा जेमतेम साडेचार चौरस किलोमीटर होतं, नंतर वाढवून बारावर नेलं. पनवेलपासून पाऊण तासाचासुद्धा रस्ता नाही आणि महामार्ग थेट अभयारण्याच्या अंगावरून जातो. ट्रकचा आवाज संपायच्या आत शामाचं गाणं सुरू होतं. शामा नराचं पोट तांबूस-केशरी, वरचं अंग काळंभोर, शेपूट लांबलचक. तो बांबूच्या जाळीत खालीच वावरतो. आवाज दहा पावलांवरून यायचा आणि पाखरू काही केल्या दिसायचं नाही. शेवटी शेपटीच्या बुडाशी असलेला पांढरा ठिपका हलला तेव्हा कळलं, आपण इतका वेळ त्याच्याकडेच बघत होतो.

ही गोष्ट पुढे सगळ्या वाटेवर पुन्हा पुन्हा जाणवली. पुस्तकातल्या पानावर केशरी रंग ओरडून बोलतो. दाट रानाच्या पोटात मात्र जो उजेड झिरपतो तोच हिरवट असतो. त्यात केशरी मिटून जातो, सुक्या पानासारखा तपकिरी वाटायला लागतो. पाखरू उन्हाच्या कवडशात आलं की क्षणभर पेटतं आणि पुन्हा नाहीसं होतं. म्हणून केशरी पक्षी बघायचा तर रंग शोधून उपयोग नाही, हालचाल शोधावी लागते.

टिकेलचा निळा माशीमार मात्र लाजत नाही. छाती नारिंगी, पाठ निळी. ओढ्याच्या कडेला डोक्याच्या उंचीवरच्या फांदीवर बसून तो गातो आणि आपण जवळ गेलो तर फार तर पुढच्या फांदीवर सरकतो. नवशिक्यांनी सुरुवात त्याच्यापासून करावी.

तिबोटी खंड्या इथला मानकरी. रायगड जिल्ह्याने त्याला आपलं बोधचिन्ह म्हणून निवडलं आहे, आणि फोटोवाल्यांची खरी गर्दी त्याच्यासाठीच असते. चोचीसकट चौदा सेंटिमीटरच्या आसपास, म्हणजे जवळपास चिमणीएवढाच. चोच लालबुंद, पोट पिवळं-केशरी, डोक्यावर आणि कंबरेवर जांभळी झाक, पायाला तीनच बोटं. मे संपता संपता दक्षिणेकडून पावसाच्या बरोबरीने तो वर सरकतो. प्रवास रात्रीचा. जूनच्या सुरुवातीला मुंबई-ठाण्याच्या इमारतींच्या काचांना धडकून पडलेले खंड्ये दरवर्षी सापडतात ते म्हणूनच.

आम्हाला तो दिसला तो असा: ओढ्यावरून एक ठिणगी सरळ रेषेत गेली, बारीक शीळ ऐकू आली, झालं. अण्णा म्हणाले, "एवढंच?" मी म्हटलं, "अण्णा, आज एवढंच."

फाटकाबाहेर चहा घेताना तिघे फोटोवाले भेटले. एकाच्या मोबाइलवर खंड्याची शीळ वाजत होती. ती ऐकून नर आपल्या हद्दीत दुसरा शिरला समजून धावत येतो. फोटो छान मिळतो, पण तो वेळ त्याने पिल्लांसाठी अन्न शोधण्यात घालवायचा असतो. मी तसं बोलले. त्यांनी ऐकून घेतलं. पुढे काय केलं देव जाणे.

रविवार, फणसाड

रात्री रोह्याला मुक्काम केला आणि सकाळी सुपेगावच्या बाजूने फणसाडच्या कडेकडेनं चाललो. हे एकेकाळी जंजिऱ्याच्या नवाबाचं शिकारीचं रान. १९८६ मध्ये अभयारण्य झालं. इथं पाणवठ्यांना गाण म्हणतात, चिखलगाण, फणसाडगाण अशी नावं. उन्हाळ्यात सगळं रान या गाणांभोवती जमा होतं. जुलैत पाणी जिकडेतिकडे असल्यामुळे गाणावर बसून काही मिळत नाही, झाडीखालच्या पालापाचोळ्यात बघावं लागतं.

नारिंगी डोक्याचा कस्तूर त्या पाचोळ्यातला. डोकं, मान, छाती, पोट सगळं गडद नारिंगी, पाठ राखी-निळी. आपल्याकडच्या जातीच्या गालावर दोन उभे काळे पट्टे असतात आणि मध्ये पांढरं. हिमालयातल्या भाऊबंदांचं तोंड तेवढं साधं, पट्ट्यांशिवाय. तो चोचीने पान उलटतो, थांबतो, मान तिरकी करतो, गांडूळ ओढतो. पानं ओली असली की ही पानं उलटण्याची खसखस जवळजवळ ऐकू येत नाही.

गाणं मात्र मैलभर. पहाटे आणि संध्याकाळी तो झाडाच्या मधल्या फांदीवर बसतो आणि सुरू करतो. त्यात बुलबुल येतो, शिंपी येतो, तांबट येतो. ज्याचा आवाज कानावर पडला त्याची नक्कल. एका आंब्याखाली आम्ही उभे होतो तेव्हा अण्णांनी वर बघून विचारलं, "हे एकच पाखरू आहे का सगळी वऱ्हाडमंडळी?"

त्याच आंब्याच्या दुबेळक्यात त्याचं घरटं होतं. मुळं, काटक्या, थोडी माती, बाहेरून शेवाळ. मादी बसलेली होती. वरून सरी कोसळत होत्या आणि तिच्या पाठीवरून पाणी ओघळत होतं. आम्ही थांबलो नाही, कारण घरट्याखाली उभ्या राहणाऱ्या माणसामागून कावळा येतो. कावळ्याला माणसं कुठं माना वर करून बघतात हे नेमकं कळतं.

या पक्ष्याला काय लागतं ते बघा: वर सावली, खाली न झाडलेला पाला आणि ओलावा. अभयारण्यच हवं असं नाही. गावाच्या देवराईत, जुन्या आमराईत, सुपारीच्या बागेतसुद्धा तो राहतो, फक्त पाला जाळायचा नाही. कोकणात भाजावळीची, म्हणजे पेरणीआधी जमीन भाजायची, आणि पाला गोळा करायची रीत आहे. शेतीला तिचं कारणही आहे. पण बागेतला पाला हल्ली निव्वळ स्वच्छतेच्या हौसेपायी जाळतात, ते मला पटत नाही.

दुपारी शेकरू दिसली, पर्णपक्षी दिसला, त्याच्या कपाळावर सोनेरी-केशरी टिळा. नवरंग पक्षी दिवसभर दोन सुरांची शीळ घालत राहिला आणि एकदाही बाहेर आला नाही.

सोमवार, कशेडी आणि परशुराम घाट

हा दिवस अण्णांचा. महाडच्या पुढे पोलादपूर सोडलं की कशेडी घाट. आता बोगदा झालाय, गाड्या दहा मिनिटांत पलीकडे. अण्णा म्हणाले, "जुन्या घाटानं घे." का, असं विचारायची माझी छाती नव्हती.

जुन्या घाटात आता शांतता असते. वळणावळणावर त्यांच्या आठवणी. इथं दरड आली होती, इथं रात्रभर गाडी उभी होती, इथल्या टपरीवरचा चहा. एका वळणावर त्यांनी गाडी थांबवायला लावली आणि डोंगर कापून काढलेल्या उभ्या मातीकडे बोट केलं. "हे बघ कटिंग. इथं भोकं असायची. आम्ही म्हणायचो उंदरांची. पण इतक्या वर, सरळ भिंतीत उंदीर काय करेल?"

मातीच्या त्या उभ्या कडेला, मुळांच्या खाली, मुठीएवढी भोकं खरोखरच होती. काही जुनी, कोळ्यांनी जाळी विणलेली. एक ताजं असावं, त्याच्या तोंडाशी ओली माती सांडली होती.

तिबोटी खंड्या असं घर खोदतो. नर-मादी दोघं मिळून. उडत येऊन चोच मातीत मारायची, माती सुटली की पायांनी मागं ढकलायची. आडवा बोगदा, कधी कधी मीटरभर लांब, शेवटाला अंड्यांची खोली. जागेबद्दल त्याच्या अटी कडक असतात. माती उभी हवी, म्हणजे साप आणि मुंगूस सहज चढत नाहीत. ती पावसाने मऊ झालेली हवी, पण ढासळणारी नको. जवळ ओढा हवा आणि वर झाडाची सावली हवी. ओढ्याची कड अशी असते आणि जुन्या रस्त्याची कटिंगही अशीच असते. त्याला दोन्ही सारखीच.

पुढे चिपळूणच्या अलीकडे परशुराम घाट लागला. तिथल्या दरडींनी अलीकडच्या वर्षांत माणसांना आणि वाहतुकीला फार छळलंय. आता डोंगराला जाळ्या आहेत, भिंती आहेत. हे मी पाखरांच्या प्रेमापोटी चूक म्हणणार नाही. खाली गाव आहे, वरून माती येते, भिंत हवीच. अण्णा तर म्हणाले, "ही भिंत तीस वर्षं आधी हवी होती." मातीची प्रत्येक कड खंड्यासाठी राखून ठेवता येणार नाही. मग कोणती राखता येईल, हा प्रश्न मनात घेऊन चिपळूणला वाशिष्ठीकाठी जेवलो. मासे छान होते. बाकी त्या दिवशी पक्ष्यांमध्ये सांगण्यासारखं काही नाही.

मंगळवार-बुधवार, आंबोली

मंगळवार सगळा गाडीत गेला. संगमेश्वर, लांजा, कणकवली, सावंतवाडी. संध्याकाळी आंबोली घाट चढताना ढग काचेला येऊन चिकटले आणि अण्णा पहिल्यांदा गप्प बसले. ते दाट धुक्यातच गप्प असतात, तेवढी शिस्त त्यांच्यात आहे.

आंबोली समुद्रसपाटीपासून सातशे मीटरच्या आसपास आणि महाराष्ट्रातल्या सर्वाधिक पावसाच्या जागांपैकी एक. धबधब्याखाली सुट्टीच्या दिवशी जी जत्रा असते तिच्याबद्दल लिहीत नाही, ती सगळ्यांनी पाहिलेली आहे. बुधवारी सकाळी हिरण्यकेशीच्या रस्त्याला लागलो. हिरण्यकेशी नदी जिथं गुहेतून बाहेर येते तिथलं कुंड २०२१ मध्ये जैविक वारसा स्थळ म्हणून जाहीर झालं, तिथंच पहिल्यांदा सापडलेल्या एका छोट्या माशामुळे. त्या माशाचं नावही नदीवरूनच ठेवलेलं आहे.

पाऊस थांबला होता आणि झाडं गळत होती. जळवांनी अण्णांचे पायमोजे पसंत केले. मग डोक्यावरच्या फांद्यांतून गोड, चढत्या शिळा आल्या आणि निखारांचा थवा आला.

निखार नर म्हणजे काळं डोकं, काळी पाठ आणि बाकी अंग तांबडं-केशरी. मादी करडी आणि पिवळीधमक. थवा झाडाच्या शेंड्यातून पुढे सरकतो, प्रत्येक पक्षी पानांच्या खालच्या बाजूने अळ्या टिपत जातो, सोबत कोतवाल, तांबट, एखादा खोडावर उलटा चालणारा पक्षी. सह्याद्रीत आणि श्रीलंकेत मिळणारा हा निखार पूर्वी हिमालयातल्या किरमिजी निखाराच्या जातीतच धरत, आता तो वेगळा मानतात. आपल्याकडच्याचा रंग जरा जास्त नारिंगी.

कर्नाळ्याला आम्ही छोटा निखार पाहिला होता, त्याच्याबद्दल वर लिहायचं राहिलं. तो लहान, डोकं राखी, केशरी फक्त छातीवर आणि कंबरेवर. त्याला पानगळीचं, उघडं रान चालतं. गावच्या बाभळीवरही दिसतो. मोठ्या निखाराला मात्र उंच, सदाहरित, ओलं रान लागतं. दोघं एकाच घराण्यातले, पण एकाने सपाटी घेतली आणि एकाने घाटमाथा.

या निखारांचा रंग पक्ष्याला आपल्या अंगात तयार करता येत नाही. तो खाण्यातून येतो. पानातली पिवळी-नारिंगी द्रव्यं अळीच्या पोटात जातात, अळीतून पाखराच्या पोटात आणि तिथून थोडाफार बदल होऊन पिसात. म्हणजे नराच्या अंगावरचा केशरी रंग हा त्याला रानात किती चांगलं खायला मिळालं त्याचा एक प्रकारे दाखलाच. हे मी अण्णांना सांगितलं तर ते म्हणाले, "म्हणजे गाजरं खाऊन लाल झालेला." मी मान हलवली. फार चूक नाही.

दुपारनंतर धुकं पुन्हा उतरलं. चौकुळच्या पठारावर आंबोलीचा प्रसिद्ध भेक शोधला. २००९ मध्ये नाव मिळालेला, जांभ्या खडकावरच्या डबक्यांत अंडी घालणारा. त्याच्या कुशीवरही पिवळे-केशरी ठिपके असतात म्हणे. पण त्याचा मोसम पहिल्या सरींचा, तो संपला होता.

गुरुवार-शुक्रवार, दोडामार्ग

घाट उतरून तिलारीच्या बाजूला आलो आणि हवा एकदम जड झाली. तिलारीचं रान २०२० मध्ये संवर्धन राखीव क्षेत्र झालं. त्याच्या भोवती गावं, काजू, सुपारीच्या बागा आणि गेल्या काही वर्षांत आलेलं रबर. रबराच्या लागवडीतून गाडी नेली की पंधरा मिनिटं एकही आवाज येत नाही. झाडं रांगेत, खालची झुडपं साफ, मेलेलं खोड एकही उभं नाही.

मेलेल्या खोडाचं मुद्दाम लिहिते, कारण कर्णा हा पक्षी त्यावर जगतो. मलबारी कर्णा नर किरमिजी पोटाचा, त्याचेच फोटो सगळीकडे. मादीचं पोट मातकट-केशरी, तिच्याकडे कुणी ढुंकून बघत नाही. मला तीच हवी होती. कर्णे कुजून मऊ झालेल्या खोडात चोचीने ढोली कोरतात, ताज्या लाकडात त्यांची चोच चालत नाही. वीण उन्हाळ्यात होते, पण पिल्लं पुढे कित्येक महिने आईबापांसोबत फिरतात. म्हणून पावसाळ्यात कुटुंब दिसायची शक्यता असते.

हेवाळे-बांबर्डेच्या बाजूला एक देवराई आहे. दलदलीत उभी असलेली रानजायफळाची झाडं, त्यांची गुडघ्यासारखी वाकून चिखलाबाहेर आलेली मुळं. महाराष्ट्रात अशी जागा विरळाच. देवाच्या नावाने राखली म्हणून राहिली. आम्ही वहाणा बाहेर काढल्या, नमस्कार केला आणि कडेला बसलो. बराच वेळ काही नाही. मग मऊ, एकसारखा "क्यू, क्यू, क्यू". नर बोलत होता. मादी आमच्यासमोरच होती. कधीपासून, कोण जाणे. ती पाठ करून बसली होती आणि कर्ण्याची पाठ म्हणजे झाडाचं साल. घुबडासारखी फक्त मान वळवून तिने आमच्याकडे पाहिलं. मग एक नाकतोडा उचलायला तिने फांदी सोडली आणि गिरकीत पोटाचा केशरी रंग पुरता दिसला. अण्णा पुटपुटले, "अगं बाई."

मुक्काम एका बागायतदाराच्या घरी होता. ओळखीतून ओळख. माड, सुपारी, मिरवेल, मागच्या बाजूने वाहणारा व्हाळ, म्हणजे ओढा. पोहोचलो तेव्हा घरच्या काकांनी विचारलं, "पाखरां बघूक इलास? आमच्या व्हाळात एक बारकां पाखरू येता दर पावसात. रंग बघशात तर बघीतच रवशात."

मागच्या पडवीतून व्हाळाची पलीकडची कड दिसत होती. मातीची, पुरुषभर उंच, वर भेंडाची मुळं लोंबत असलेली. त्यात भोक. शुक्रवारी सकाळपासून आम्ही पडवीतच बसलो. पंचवीसेक पावलांचं अंतर, मध्ये केळी. खंड्याला आमचं काही सोयरसुतक नव्हतं.

कर्नाळ्याला जी ठिणगी सरळ रेषेत गेली होती ती इथं थांबत होती. काडीवर येऊन बसायची, इकडेतिकडे बघायची आणि आत शिरायची. नर-मादी दोघंही तेच करत होते. चोचीत एकदा सापसुरळीचं पिल्लू, एकदा खेकडा, मग बेडूक, मग पाल. मासा शेवटपर्यंत नाही! जंगलातला हा खंड्या माशांवर फारसा अवलंबूनच नाही. भक्ष्य फांदीवर आपटून आपटून सैल करायचं, मग चोचीत फिरवून त्याचं डोकं पुढे करायचं, म्हणजे पिल्लाला डोक्याकडून गिळता येतं, पाय आणि खवले उलटे अडकत नाहीत. हे फिरवणं दुर्बिणीतून इतकं स्वच्छ दिसलं की घरच्या वहिनी भाकरी थापायची सोडून बघायला आल्या. त्या इतकी वर्षं या घरात आहेत आणि पाखरू रोजचं, पण पाल अशी उलटी करतो हे त्यांनीही पहिल्यांदाच पाहिलं.

अंडी साधारण सतरा दिवसांत फुटतात, पुढे वीस दिवसांत पिल्लं उडतात. म्हणजे एकूण सव्वा महिन्याचा मामला. तेवढे दिवस ती कड टिकली पाहिजे, एवढीच त्याची मागणी.

जेवताना काका म्हणाले की गेल्या पावसात व्हाळाला पूर आला, कड खचली, दोन माड गेले. आता सिमेंटची भिंत घालायचा बेत आहे. "भिंत बांधूक व्हयी, नाय तर आणखी माड जातले." मी गप्प राहिले. माड त्यांचे, नुकसान त्यांचं. पुण्याहून येऊन दोन दिवस पडवीत बसणाऱ्या बाईने त्यांना काय सांगायचं?

अण्णा गप्प राहिले नाहीत. जेवण झाल्यावर ते काठी घेऊन व्हाळात उतरले, प्रवाह कुठं आपटतो ते बघितलं आणि वर येऊन काकांशी तासभर बोलले. त्यांचं म्हणणं असं: पाणी वळणावर बाहेरच्या अंगाला खातं. माड गेले ते त्या अंगाला. भोक आहे ती कड वळणाच्या खाली, आतल्या अंगाला, तिथं पाणी आपटतच नाही. तिथं भिंत घालणं म्हणजे पैसे व्हाळात टाकणं. आयुष्यभर घाटाच्या कडा आणि त्यांना खाणारं पाणी बघितलेला माणूस, त्यांना हे दिसलं. मला फक्त पाखरू दिसलं होतं. काकांनी हिशेब केला, चिऱ्याचा भाव काढला, भिंतीची लांबी निम्म्यावर आणली. पक्ष्याचं नाव या बोलण्यात एकदाही निघालं नाही. नुसता माणसाचा खर्च वाचवूनही कधी कधी कड वाचते, हे मी त्या पडवीत शिकले.

आता थोडं फोटोंबद्दल, कारण परतल्यावर सगळे तेच विचारतात. घरट्याचा फोटो मी काढला नाही. भोकाजवळ माणूस उभा असला की खंड्या चोचीत भक्ष्य धरून दूरच्या फांदीवर बसून राहतो, आत जात नाही, आणि आत पिल्लं भुकेली असतात. कुणी फोटोसाठी समोर काड्या रोवतं, कुणी मुळं छाटून दृश्य मोकळं करतं. मुळं छाटली की भोक सापालाही दिसतं. अनेक छायाचित्र स्पर्धा हल्ली घरट्याचे फोटो घेतच नाहीत. सगळ्यांनीच बंद करावं. आणि हो, त्या गावाचं, त्या घराचं नाव मी कुणाला सांगणार नाही. विचारू नये.

शनिवार, तांबडी सुर्ला

दोडामार्गहून गोवा म्हणजे एक पूल ओलांडायचा. तांबडी सुर्ल्याचं महादेवाचं देऊळ कदंबांच्या काळातलं, बाराव्या शतकाच्या आसपासचं, काळ्या दगडाचं. चहूबाजूंनी रान आणि पायाशी नदी. नदीला लोंढा होता, पलीकडे जायचा प्रश्नच नव्हता. देवळाच्या आवारातूनच गोव्याचा राज्यपक्षी पाहिला: पिवळ्या अंगाचा, काळ्या डोक्याचा, लाल-केशरी गळ्याचा बुलबुल. एका रानजांभळीत जोडी बसून भिजत होती. गळ्याचा रंग भर पावसातही दिसला, कारण ती झाडाच्या उघड्या टोकाला होती. हीच पाखरं आत सावलीत असती तर मला तरी दिसली नसती.

स्वर्गीय नर्तकाचा तांबूस नर दिसला, शेपटीची फीत भिजून एकीला एक चिकटलेली, बिचारा. त्याचा रंग केशरीत धरायचा की विटकरीत यावरून अण्णांचं आणि माझं परतीच्या वाटेवर चोर्ला घाटापर्यंत चाललं. अण्णांच्या मते एसटीचा जुना लाल. मी यादीत घेतला नाही.

नवरंग शेवटपर्यंत दिसला नाही, आवाजावरच समाधान. तिबोटी खंड्याची पहिली वीण फसली तर सप्टेंबरमध्ये तो पुन्हा अंडी घालतो. हे कळल्यापासून अण्णांनी दोडामार्गच्या काकांना दोनदा फोन केलाय. भिंत कुठवर आली हे विचारायला, असं ते सांगतात. मधल्या काळात स्वारगेट-सावंतवाडी रातराणीची वेळही त्यांनी काढून ठेवली आहे. गाडी मी चालवणार नसेन तर प्रवास शांतपणे होईल, हेही वर ऐकवलं.